बर्फावरच्या पत्रकारांचा वेगळा संघ कशाला लागतो?

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझा मावसभाऊ साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आला होता. तो तिकडे एका दैनिकाचा वार्ताहर, अठरा वर्षं झाली बातम्या करतोय. म्हटलं चल, तुला गार्मिशला स्कीइंगची डाउनहिल रेस, म्हणजे डोंगरावरून भरधाव खाली यायची शर्यत, दाखवते. सकाळची ट्रेन पकडून गेलो, फिनिशपाशी गर्दीत उभे राहिलो, आणि याचं लक्ष खेळाडूंकडे कमी आणि कुंपणापलीकडच्या अरुंद पट्टीत गळ्यात कार्ड अडकवून उभ्या असलेल्या लोकांकडेच जास्त. कुणी हातमोजा दातांनी ओढून काढून वहीत काहीतरी लिहीत होतं, कुणी बॅटरी गार पडू नये म्हणून फोन जॅकेटच्या आत छातीशी धरून ठेवला होता. मला म्हणाला, ताई हे आपल्याच लायनीतले ना? यांचा पण संघ असतो का? मी म्हटलं असतो, आणि एक नाही, बरेच आहेत. तर म्हणे क्रीडा पत्रकारांचा संघ असतोच की, मग बर्फाचा वेगळा कशाला?

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तेव्हा मला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. आता सविस्तर देते.

आधी हे बघा की तिथे उभं राहून दिसतं काय. वानखेडेच्या प्रेस बॉक्समध्ये बसलेल्या माणसाला अख्खं मैदान दिसतं, बॉलर, बॅट्समन, थर्ड मॅन, सगळं. डाउनहिलमध्ये तसं काहीच नसतं. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूहेलची श्ट्राइफ ही या खेळातली सगळ्यात नावाजलेली उतरण, तिची लांबी ३,३१२ मीटर, आणि चांगला खेळाडू ती दोन मिनिटांच्या आत उतरतो. खाली उभ्या असलेल्या वार्ताहराला त्यातला शेवटचा उतार दिसतो, म्हणजे काही सेकंद. बाकी सगळं समोरच्या मोठ्या स्क्रीनवर, म्हणजे तुम्ही घरी सोफ्यावर बसून बघता तेच. मग वळणावर तो पाय कुठे घसरला, बर्फ वरच्या टप्प्यात कडक होता की मऊ, दहाव्या नंबरच्या खेळाडूपर्यंत ट्रॅक कितपत उखडला होता, हे त्याला कळणार कसं? तर दुसऱ्याला विचारून. एक जण सकाळी ट्रॅक बघून आलेला असतो, एकाची वरच्या कोचशी ओळख असते, एका फोटोग्राफरने ते वळण पंधरा फुटांवरून बघितलेलं असतं. या बीटवर, म्हणजे बातम्यांच्या या क्षेत्रात, एकट्याने काम करताच येत नाही, आणि माझ्या मते संघ जन्माला आला तो इथून, पदं आणि लेटरहेड वगैरे नंतरची गोष्ट.

त्यात वेळेचा हिशोब सेकंदाच्या शंभराव्या भागात. ताशी १२० किलोमीटरने येणारा खेळाडू एका शतांश सेकंदात साधारण ३३ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे फूटभर. डोळ्याला हा फरक दिसतच नाही. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये बायकांच्या डाउनहिलला स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डोमिनिक गिझिन, दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद आली आणि दोघींनाही सुवर्णपदक दिलं गेलं. असल्या खेळात वार्ताहर पूर्णपणे आकड्यांवर अवलंबून असतो, स्टार्ट लिस्ट, मधल्या टप्प्यांच्या वेळा, आधीच्या वर्षांचे निकाल. आज हे सगळं फोनवर मिळतं, पण साठच्या दशकात नव्हतं. तेव्हा डोंगरातल्या छोट्या गावात टेलिफोनची लाईन मिळवण्यापासून तयारी असायची, निकालाचा कागद हाताने टाइप होऊन यायचा, आणि पाच देशांचे पाच वार्ताहर त्या एका कागदावर वाकलेले असायचे.

फोटोग्राफरचं तर आणखी वेगळं. त्याला रेस सुरू व्हायच्या आधी उतारावर आपली जागा धरायची असते, बुटाला लोखंडी काटे बांधून, कॅमेऱ्याचं सगळं ओझं पाठीवर घेऊन, आणि एकदा रेस चालू झाली की मनाला येईल तसं जागेवरून हलायचं नाही, कारण त्याचा पाय सरकला तर वरून शंभराच्या स्पीडने येणारा माणूस त्याच्यावरच येणार. कुणाला किती जवळ उभं राहू द्यायचं हा इथे जिवाशी खेळ आहे. २२ डिसेंबर २०१५ ला इटलीतल्या मादोन्ना दि काम्पिल्योच्या रात्रीच्या स्लालममध्ये (खांबांमधून नागमोडी वळत उतरायची शर्यत) ऑस्ट्रियाचा खेळाडू मार्सेल हिर्शर खाली येत असताना त्याच्या पाठीमागे अगदी थोडक्या अंतरावर टीव्हीचा कॅमेरा लावलेला ड्रोन कोसळला. तो व्हिडिओ आजही बघवत नाही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे फिसने, कॅमेऱ्याच्या ड्रोनवर बंदी घातली होती.

आता संघाची गोष्ट. क्रीडा पत्रकारांचा जगभरचा संघ एआयपीएस, तो १९२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला स्थापन झाला, आणि योगायोग असा की फिस पण त्याच वर्षी फेब्रुवारीत शामोनीला स्थापन झाली. आपल्याकडचा भारतीय क्रीडा पत्रकारांचा महासंघ या एआयपीएसशीच जोडलेला आहे. पण स्कीइंगवाल्यांनी नंतर आपला स्वतंत्र संघ केला, एआयजेएस, म्हणजे स्की पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना. त्याच्यामागे होता सर्ज लांग. या माणसाबद्दल मी कितीही बोलू शकते.

लांगचा जन्म १९२० चा, फ्रान्सच्या अल्सेस भागातल्या म्युलूझचा, धिप्पाड माणूस, आवाज मोठा. लेकिप या फ्रेंच क्रीडा दैनिकासाठी लिहायचा, हिवाळ्यात स्कीइंग आणि उन्हाळ्यात सायकलिंग. सायकलिंगमध्ये त्याने बघितलं होतं की वर्षभरच्या शर्यतींची एक माळ असते, आज कोण पुढे, उद्या कोण मागे, वाचक रोज पेपर उघडून बघतो. स्कीइंगमध्ये मात्र प्रत्येक गावाची रेस सुटी सुटी. वेंगनची वेगळी, किट्झब्यूहेलची वेगळी, जिंकला, टाळ्या झाल्या, विषय संपला. ऑलिंपिक चार वर्षांनी. मधल्या काळात वाचकाला धरून ठेवायचं कशाने? हा बातमीदाराचा प्रश्न होता हे लक्षात घ्या, खेळाडूचा नाही आणि महासंघाचाही नाही.

१९६६ च्या जानेवारीत किट्झब्यूहेलच्या उतारावरच असलेल्या झाइडलआल्म नावाच्या खानावळीत लांग, अमेरिकेच्या टीमचा कोच बॉब बीटी आणि फ्रान्सच्या टीमचा प्रमुख ओनोरे बॉने यांची या विषयावर बोलणी झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये चिलीमधल्या पोर्तियोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत्या (दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे हिवाळा), तिथे कल्पना पक्की झाली आणि फिसचे अध्यक्ष मार्क होडलर यांनी ती जाहीर करून टाकली. नाव ठेवलं वर्ल्ड कप, कारण त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला होता आणि तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पहिली रेस ५ जानेवारी १९६७, जर्मनीतलं बेर्शटेसगाडेन, पुरुषांचं स्लालम, जिंकला ऑस्ट्रियाचा हाइनी मेसनर.

पॉइंटचा हिशोब पण साधा ठेवला होता, पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५, पुढे ११, ८ असं कमी होत दहाव्याला १. कुठल्याही दैनिकाच्या छोट्याशा चौकटीत बसेल असा तक्ता. पहिल्याच सीझनमध्ये फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीने १७ पैकी १२ रेस जिंकल्या. आणि बायकांमध्ये तर शेवटच्या रेसपर्यंत ताणलं गेलं, अमेरिकेत जॅक्सन होलला कॅनडाच्या नॅन्सी ग्रीनने फ्रान्सच्या मारिएल गॉइत्शेलला शंभरातल्या सात भागांनी, ०.०७ सेकंदांनी, मागे टाकलं आणि कप नेला. एका वार्ताहराला हवी होती तशीच गोष्ट पहिल्याच वर्षी मिळाली.

भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे ज्याने बातमी द्यायची त्यानेच स्पर्धा काढली? हे बरोबर आहे का? त्याचा आक्षेप मला पटतो. लांग पुढे बरीच वर्षं वर्ल्ड कपच्या कमिटीचा प्रमुख होता आणि त्याच वेळी पत्रकारही होता, आणि आज कुणी असं केलं तर कुठलाही संघ त्याला सांगेल की बाबा, दोन खुर्च्यांपैकी एक निवड. पण हेही खरं की त्याने तो तक्ता काढला नसता तर आज ज्याला आपण स्कीइंगचा सीझन म्हणतो तो या रूपात नसता.

एआयजेएसचं एक काम लोकांना माहीत असतं ते म्हणजे स्कीअर दोर, सोन्याचा स्कीअर हा पुरस्कार. १९६३ पासून चालू आहे, आणि लांग १९९९ मध्ये गेला त्यानंतर त्याचं नाव या पुरस्काराला जोडलं गेलं. पॉइंट मोजून नाही, पत्रकारांच्या मतांवर ठरतो. लिंडसे व्हॉन, हिर्शर, मिकाएला शिफरिन, सगळ्यांना मिळालाय. खेळाडू त्याला मान देतात, कारण मत देणारे लोक वर्षभर थंडीत कुडकुडत त्यांच्यासमोर उभे असतात.

आता बाकीचे संघ भराभर सांगते. एससीआयजे, आंतरराष्ट्रीय पत्रकारांचा स्की क्लब, १९५५ मध्ये जिल द ला रॉक या फ्रेंच पत्रकाराने काढला. इथे सगळे स्कीइंगवर लिहिणारे असतीलच असं नाही, कुणी राजकारण करतो, कुणी अर्थकारण, पण सगळ्यांना स्की येतं. दरवर्षी वेगळ्या देशात जमतात, आपापसात रेस लावतात, चर्चा करतात. शीतयुद्धाच्या काळात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे पत्रकार एकाच लिफ्टमध्ये, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, शेजारी बसून डोंगर चढायचे. त्या दिवसांत दोन बाजूंच्या पत्रकारांना भेटायला किती कमी जागा होत्या हे आठवलं की मला हा क्लब नुसती मजा वाटत नाही.

तिसरा अमेरिका आणि कॅनडाचा, नास्जा, उत्तर अमेरिकन स्नोस्पोर्ट्स पत्रकार संघ. अमेरिकन स्की लेखकांचा संघ म्हणून साठच्या दशकात सुरू झाला, मग स्नोबोर्ड आला, रेडिओ-टीव्ही-वेबसाइटवाले आले, नाव बदललं. युरोपात स्की पत्रकारिता म्हणजे मुख्यतः रेस, पण अमेरिकेत रेसपेक्षा कुठल्या डोंगरावर किती बर्फ पडला, लिफ्टचं तिकीट किती, मुलांना शिकवायला कुठे न्यायचं, कुठले बूट घ्यायचे, हे जास्त. म्हणजे निम्मी ग्राहकांसाठीची पत्रकारिता. त्यामुळे इथे पैशाचा प्रश्न जास्त बोचतो.

त्यांच्या लेखनाच्या पुरस्काराचंच बघा, तो हॅरल्ड हिर्श यांच्या नावाने आहे. हिर्श पत्रकार नव्हते, ओरेगनमधल्या पोर्टलंडचे कपडेवाले होते. घरची कंपनी हिर्श-वाइस, तंबू आणि कॅनव्हासचा माल करणारी. हॅरल्ड कॉलेजात स्कीइंग शिकले आणि परत येऊन त्यांनी स्कीइंगचे कपडे शिवायला घेतले. नाव काय द्यायचं? तर कंपनीचंच नाव उलटं केलं, जर्मनमध्ये वाइस म्हणजे पांढरा आणि हिर्श म्हणजे सांबरासारखा शिंगांचा नर, म्हणून व्हाइट स्टॅग. पोर्टलंडच्या जुन्या पुलाजवळ तो उडी मारणारा निऑनचा पांढरा हरिण अजून आहे. पुरस्कार चांगला आहे, चांगल्या लेखकांना मिळतो, पण नाव कपड्याच्या कारखानदाराचं. पत्रकार सभासदांच्या जोडीने स्की रिसॉर्ट आणि कंपन्यांच्या माणसांनाही तिथे सभासद होता येतं.

हे वाईट आहे का? मला वाटतं थोडं समजून घ्यायला पाहिजे. एका फ्रीलान्स लेखकाला स्विस डोंगरात एक आठवडा राहायचं, लिफ्टचा पास, जेवण, प्रवास, हा खर्च त्याला लेखाच्या मानधनातून कधीच निघत नाही. मग रिसॉर्ट बोलावतं, राहा, खा, स्की करा, आणि लिहा. लिहिताना त्याचा हात थोडा मऊ होतोच, माणूस आहे. इथे संघाचं खरं काम सुरू होतं. चांगला संघ कार्ड देताना विचारतो की तुमचं छापून आलेलं काम दाखवा, कुठे, कधी, आणि फक्त एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा, म्हणजे कार्डावर फुकट स्कीइंग करून लिहायचं काहीच नाही अशा लोकांना बाहेर ठेवता येतं. आणि ज्याचा प्रवास कुणी पुरवला त्याने लेखाखाली तसं स्पष्ट लिहावं. वाचक म्हणून मी ती ओळ पहिली शोधते.

पैसा फोटोतही शिरतो बरं का. त्या दिवशी गार्मिशला मी भावाला म्हटलं, आता बघ हा काय करतो. खेळाडू फिनिश ओलांडून थांबला, धाप लागलेली, अजून स्क्रीनवर आपला नंबर नीट बघितला नाही, आणि वाकून पहिली गोष्ट केली म्हणजे एक स्की पायातून सोडवली, उभी धरली आणि गालाजवळ आणली. स्कीवरचं कंपनीचं नाव थेट कॅमेऱ्याकडे. पुढचा आला, त्याने तेच, त्याच्या पुढच्याने तेच. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये याच्यावरून केवढा वाद झाला होता, ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना स्कीवर कंपन्यांची नावंच नको होती, शेवटी तडजोड अशी झाली की फोटोच्या आधी खेळाडूकडून स्की काढून घ्यायची. आणि आज ती स्की चेहऱ्याएवढीच महत्त्वाची. फोटोग्राफरने ती कापून नुसता चेहरा घ्यायचा की तशीच ठेवायची, हा रोजचा निर्णय आहे आणि तो त्याच्या संपादकाचा असला पाहिजे, कंपनीचा नाही.

पण संघाची सगळ्यात जास्त गरज लागते ती अडचणीची बातमी करताना. १९९८ मध्ये फिनलंडच्या एसटीटी या वृत्तसंस्थेने तिथल्या स्कीइंगमध्ये डोपिंग चालतं अशी बातमी दिली. फिनलंडमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे बर्फावरून लांब पल्ल्याची शर्यत, हे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं, त्यामुळे देशभर संताप, कोर्टात केस, आणि वृत्तसंस्था हरली, भरपाई द्यावी लागली. मग २००१ मध्ये लाहटीला, त्यांच्याच देशात जागतिक स्पर्धा चालू असताना, विमानतळाजवळच्या पेट्रोल पंपावर फिनिश स्की संघटनेची औषधांची बॅग विसरलेली सापडली, आणि बघता बघता सहा फिनिश खेळाडू पॉझिटिव्ह निघाले. तीन वर्षं ज्यांनी खोटारडे म्हणून ऐकून घेतलं त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. छोट्या देशात, जिथे प्रत्येक वार्ताहर प्रत्येक खेळाडूला नावाने ओळखतो, त्याच हॉटेलात राहतो, त्याच बसने जातो, तिथे अशी बातमी करणं म्हणजे आपल्याच घरात परकं होणं.

तसंच २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियाची जुनी खेळाडू निकोला वेर्डेनिग हिने डेर श्टान्डार्ड या दैनिकाला मुलाखत देऊन सांगितलं की सत्तरच्या दशकात स्की टीममध्ये मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, तिच्यावरही. त्यानंतर आणखी लोक बोलायला लागले. चाळीस वर्षं हे बाहेर आलं नव्हतं. या बीटवर टीमशी गोडीगुलाबीने राहावंच लागतं, नाहीतर मुलाखत मिळत नाही, आणि त्या गोडीगुलाबीची किंमत कोण मोजतं ते इथे दिसतं. संघाचं कार्ड असं असायला हवं की टीमने एखाद्या वार्ताहरावर राग धरला तरी त्याची फिनिशपाशी उभं राहायची जागा जाता कामा नये. कार्ड कुणाच्या मर्जीवर नाही एवढं जरी असलं तरी खूप आहे.

आणि एक गोष्ट, जी रेसची नाही पण मला सगळ्यात जवळची वाटते. युरोपात रोज हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा जाहीर होतो, १ ते ५. बातमीत येतं, आज धोका ३. वाचणाऱ्याला वाटतं पाचापैकी तीन, म्हणजे मध्यम, चालेल. तसं नाहीये. आकडा एकाने वाढला की धोका एका पायरीने नाही, कित्येक पटींनी वाढतो, आणि हिमस्खलनात जाणाऱ्या जिवांचा फार मोठा वाटा ३ च्याच दिवशी जातो, कारण ४ आणि ५ ला लोक आपणहून घरी बसतात. ज्याला हे माहीत आहे तो वार्ताहर ३ च्या पुढे दोन वाक्यं जास्त लिहितो, आणि हे जाणत्या वार्ताहरांकडून नव्यांना कळतं, संघाच्या बैठकीत किंवा नंतर जेवणाच्या टेबलावर. गुलमर्गला गोंडोलाने वर जाणाऱ्यांमध्ये आपली मराठी माणसं किती असतात ते बघा, वर अफरवाट शिखराचा उतार आहे आणि ठरवलेल्या पट्ट्याच्या बाहेर हिमस्खलनं होतात. तिथली बातमी आपल्या पेपरात येते ती बहुतेक वेळा माणसं गेल्यावर. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात, तिथलाच आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता, जायंट स्लालमला ४५ वा आला. आपल्याकडेही बर्फ समजणारे दोन-चार वार्ताहर तयार व्हायला पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी रेस संपल्यावर गर्दी स्टेशनकडे निघाली, आम्ही मात्र थांबलो, भावाला ती पट्टी रिकामी होताना बघायची होती. शेवटी दोघंच उरले. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, टोपीला जुन्या स्पर्धांचे बिल्ले, आणि एक पंचविशीतली मुलगी. त्यांनी आपली वही उघडून तिच्यापुढे धरली, ती भराभर फोनवर फोटो घेत होती, आणि ते बोट ठेवून वरचं कुठलंतरी वळण समजावत होते. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ताई, मला पण सुरुवातीला तालुक्याच्या कार्यालयात एकाने अशीच वही दिली होती.